‘निव्वळ की एकूण?’ ‘हो.’

जून 2023 मधला एक बुधवार. रात्रीचे साडेआठ, म्हणजे मेक्सिकोत सकाळचे नऊ. मी चाकणच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. आमचे सुटे भाग न्हावा शेवाहून निघतात, मान्सानिल्यो बंदरात उतरतात आणि तिथला कस्टम एजंट दर बुधवारी फोनवर येतो. त्या दिवशी आमच्यातला स्पॅनिश येणारा सहकारी रजेवर होता. साहेब म्हणाले, "तू शिकलीयेस ना, मग घे बोलून." एजंटने विचारलं, पॅकिंग लिस्टवरचं वजन ‘पेसो नेतो’ आहे की ‘पेसो ब्रुतो’? निव्वळ की एकूण?

मी म्हटलं, "सी." म्हणजे हो.

तो जरा थांबला. मग शब्द सुटे करकरून, सावकाश, त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी आणखी हसतमुखाने म्हटलं, "सी, सी!"

तिकडच्या आयातीच्या अर्जात, ज्याला ते पेदिमेंतो म्हणतात, भलतंच वजन गेलं. कंटेनर चार दिवस बंदरात पडून राहिला आणि त्याचं भाडं आमच्या माथी आलं. साहेब रागावले नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांनी माझ्या शेजारी दुसऱ्या एकाला आणून बसवलं, एवढंच. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्याकडे स्पॅनिशचं ए-टू पातळीचं, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पायरीचं सर्टिफिकेट होतं. ईमेल लिहिता यायची, बीजकं वाचता यायची. माणूस समोर आला की मात्र दातखीळ बसायची. त्यानंतरच्या दीड वर्षात बोलायला माणसं शोधत मी कुठे कुठे फिरले, त्यातलं काय वाया गेलं आणि काय कामी आलं, ते इथे लिहून ठेवतेय.

जुलैमध्ये सगळ्यात सोपा मार्ग धरला: पैसे भरले. शहरातल्या एका क्लासने ‘संभाषण बॅच’ काढली होती. दहा तासिका, दीड-दीड तासाच्या, साडेचार हजार रुपये. आम्ही चौदा जण होतो. नव्वद भागिले चौदा, त्यात शिक्षिकेचं बोलणं वजा केलं की माणशी चार मिनिटं उरायची. त्या चार मिनिटांत ‘माझं कुटुंब’, ‘माझा आवडता सण’. मी घरी वाक्यं पाठ करून न्यायचे आणि म्हणून दाखवायचे. मागे शाळेत निबंध पाठ करायचो, तसंच. शिक्षिकेचा काही दोष नव्हता. पण पैसे भरण्याआधी ‘बॅचमध्ये किती जण असतील?’ हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. सहाच्या वर आकडा सांगितला तर जाऊ नका.

ऑगस्टमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये गेले. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग तिथे आहे. ओळखीच्या एका विद्यार्थिनीला विचारून नोटीस बोर्डाच्या कडेला चिठ्ठी लावली: ‘स्पॅनिश बोलायला जोडीदार हवा/हवी. पातळी: चुका करणारी.’ आठवड्याभरात तीन फोन आले. त्यातून एका रविवारी कॅफेत जमणाऱ्या गटाचा पत्ता लागला.

त्या गटाबद्दल खरं ते सांगते. आम्ही नऊ जण जमलो, नऊच्या नऊ मराठी. पहिली वीस मिनिटं स्पॅनिश. मग कुणाला तरी ‘पुरणपोळी’ला शब्द सापडेना. तो शोधताना सगळे मराठीत आले आणि परत गेलेच नाहीत. शिवाय सगळ्यांची पातळी एक आणि चुकाही त्याच. एकाने चुकीचं क्रियापद वापरलं की उरलेल्या आठ जणांना ते बरोबरच वाटायचं. कॉफी, सँडविच धरून दर खेपेला साडेतीनशे रुपये. मी चार रविवार गेले.

पण तिथेच एक काका भेटले. बँकेतून निवृत्त झालेले आणि चौसष्टाव्या वर्षी स्पॅनिशला हात घातलेला. त्यांची मुलगी माद्रिदला असते, नात तिथेच जन्मली. "नातीशी बोलायला दुभाषा लागतो, हे काय जगणं आहे का," म्हणाले. त्यांना कॅफेतला गोंगाट नको होता, मला खर्च नको होता. मग दर शनिवारी सकाळी सहाला वेताळ टेकडी. नियम त्यांनीच घातला: चढताना स्पॅनिश, वर वेताळबाबाच्या देवळाशी पाणी पिऊन झालं की उतरताना मराठी. चढताना धाप लागते, त्यामुळे वाक्यं आपोआप छोटी होतात. समोर बघत चालायचं असल्यामुळे कुणी तोंडाकडे बघत नाही. माझी अर्धी भीती त्यानेच गेली. एकदा मोर दिसला तर काका ओरडले, "मीरा, ऊन पावो!" मीरा म्हणजे बघ, पावो म्हणजे टर्की. मोराला ते ‘पावो रेआल’ म्हणतात, शाही टर्की. मोरासारख्या मोराला टर्कीच्या घराण्यात घातलंय, याचा आम्हा दोघांना अजूनही राग आहे.

याच काळात टँडम आणि हॅलोटॉक ही भाषेच्या देवाणघेवाणीची दोन्ही अ‍ॅप उतरवून बघितली. बायकांसाठी एक सूचना: आत गेल्या गेल्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त स्त्रियांशी जोडणी ही सोय चालू करा. मी ती तीन दिवस उशिरा केली आणि त्या तीन दिवसांत ‘सुंदरी’ या अर्थाचे सगळे स्पॅनिश शब्द शिकले. मग मेक्सिकोतल्या पुएब्लाची एक नर्स भेटली. ती बिचारी फार चांगली होती, अजून आहे. पण तिला बदल्यात इंग्रजी हवं होतं. सगळ्यांनाच इंग्रजी हवं असतं, मराठीला तिथे गिऱ्हाईक नाही. म्हणजे अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी, आणि मधल्या अडचणीही इंग्रजीतून सोडवायच्या. माझ्या डोक्यात आधीच एक इंग्रजीचा जकात नाका होता. मराठीत सुचलेलं तिथे थांबायचं, तपासणी व्हायची, मग पुढे स्पॅनिशकडे जायचं. अ‍ॅपने तो नाका आणखी पक्का केला. हे तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईच्या भिशीतून एक निरोप आला. मॉडेल कॉलनीत राहणाऱ्या एक काकू आहेत. घर मोठं, मुलं बाहेरगावी, दोन खोल्या त्या भाड्याने देतात. त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर अय्यंगारांची योगसंस्था आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी 1975 मध्ये सुरू केलेली ही रमामणी अय्यंगार संस्था. तिथे जगभरातून लोक महिना-दोन महिने शिकायला येतात आणि आजूबाजूच्या घरांमध्ये राहतात. आमच्या भागात योगाची चटई पाठीला लावून सायकलवर जाणारे गोरे लोक लहानपणापासून बघतेय. त्यातले किती जण स्पॅनिश बोलत असतील, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

निरोप मात्र स्पॅनिशचा नव्हता. काकूंना ‘फॉर्म सी’ भरणारं कुणीतरी हवं होतं.

परदेशी पाहुणा घरी ठेवला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेल असो की घरगुती खोली, नियम एकच. हे काम काकूंचा पुतण्या करायचा आणि त्याची बदली बंगळुरूला झाली होती. लॉगिन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याला आठवेना. म्हणून नव्याने नोंदणी करायची ठरली. घरमालकीण म्हणून काकूंचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घराची कागदं, मोबाइल, ईमेल. काकूंना ईमेल नव्हती, ती आधी काढली. अर्जाला पैसे लागत नाहीत. मंजुरी यायला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत काकूंनी मला सतरा फोन केले. नवी पाहुणी 30 सप्टेंबरला यायची होती.

कुठून, असं मी सहज विचारलं.

"वालेन्सिया की काय ते. स्पेन. इंग्रजी यथातथाच आहे म्हणाली. मला तरी कुठे येतंय."

अनंत चतुर्दशी 28 तारखेला झाली होती. रस्त्यांवर अजून गुलाल होता आणि मॉडेल कॉलनीतल्या त्या दिवाणखान्यात मी लॅपटॉप उघडून बसले होते. समोर अठ्ठावन्न वर्षांच्या, विमानप्रवासाने दमलेल्या बाई, हातात पासपोर्ट. मनात म्हटलं, इंग्रजीत पटकन उरकावं. पण त्यांचं इंग्रजी खरंच यथातथा होतं. मग सुरू केलं.

आता त्या फॉर्मकडे बघते तेव्हा वाटतं, संभाषणाचा धडा कुणी इतका नीट आखला नसता. नाव. आडनाव. पासपोर्ट कुठे काढला, कधी संपतो. व्हिसाचा क्रमांक. भारतात कोणत्या तारखेला उतरलात. शेवटचा मुक्काम कुठे होता. इथून पुढे कुठे जाणार. किती दिवस राहणार. दोन्दे, कुआन्दो, कुआन्तो: कुठे, कधी, किती. प्रत्येक उत्तर मला खरोखर हवं होतं, कारण चुकलं तर काकूंना त्रास झाला असता. पहिल्याच रकान्यात अडलो. त्यांना दोन आडनावं! मी विचारलं, यातलं खरं कोणतं? त्या म्हणाल्या, दोन्ही. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. हे काकूंना मराठीत सांगितलं. काकू चहा गाळता गाळता थांबल्या. म्हणाल्या, "आईचंही लावतात? विचार तिला, कधीपासून?"

तो प्रश्न मी स्पॅनिशमध्ये विचारला. उत्तर काकूंना मराठीत दिलं. काकूंनी दुसरा प्रश्न टाकला. असं पाऊण तास चाललं. फोटोची फाइल ठरावीक मापाबाहेर गेल्यामुळे दोनदा बाद झाली, तिसऱ्यांदा गेली. रात्री गोखलेनगरला स्कूटरवरून घरी येताना लक्षात आलं की पाऊण तासात मी एकदाही इंग्रजीतून विचार केला नव्हता. वेळच मिळाला नाही. एका कानात मराठी, दुसऱ्यात स्पॅनिश, मधला नाका उठला होता.

त्यानंतर ऑक्टोबरभर आठवड्यातून तीन संध्याकाळी मी तिथे जायचे. ठरलेलं असं काही नव्हतं. काकूंना काही विचारायचं असायचं, वालेन्सियाच्या बाईंना काही सांगायचं असायचं. गीझरचं बटण. मोलकरीण दुपारी येणार. गॅस संपलाय, आज पोहे नाहीत. माझा पगार चहा आणि ताटातलं काहीतरी.

पहिल्याच दिवशी ‘तू की तुम्ही’वरून गाडी अडली. क्लासमध्ये शिकवलं होतं की मोठ्यांना ‘उस्तेद’ म्हणायचं. आपल्या ‘तुम्ही’सारखं. मी म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी बाईंनीच सांगितलं, "तुतेआमे," मला तू म्हण, नाहीतर मी म्हातारी झाल्यासारखी वाटते. स्पेनमध्ये सर्रास तू चालतं. पण अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ‘तू’ म्हणताना माझी जीभ आठवडाभर अडखळली. काकूंना हे कळलं तर त्यांनी मलाच झापलं: "ती म्हणतेय ना, मग म्हण. देवाला नाही का आपण अरे-तुरे करत?"

व्याकरणाचं जे काही झालं ते या स्वयंपाकघरात. काकूंचं पहिलं वाक्य होतं, "विचार, तिला कारलं आवडतं का." ‘आवडणं’ हे प्रकरण क्लासमध्ये आम्हाला इंग्रजीतून शिकवलेलं, आणि ते इंग्रजी उलटंपालटं करता करता सगळी बॅच घायकुतीला आली होती. इथे तर वाक्य जसंच्या तसं उतरत होतं. मला आवडतं: मे गुस्ता. मला कारली आवडतात: अनेक झाली, म्हणून मे गुस्तान. कारल्याप्रमाणे क्रियापद बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. तेच आपल्याकडे, तेच त्यांच्याकडे. ‘माझं डोकं दुखतंय’ तसंच, मे दुएले ला काबेसा. भूतकाळाचंही तसंच. ‘काल गेले’ आणि ‘लहानपणी जायचे’ यात आपण चूक करत नाही. त्यांच्याकडेही दोन वेगळी रूपं आहेत, ‘फुई’ आणि ‘इबा’. हा फरक शिकायला मी वहीची आठ पानं भरली होती. ‘जायचे’ आठवलं की झालं.

सगळ्यात मोठं बक्षीस काकूंच्या आग्रहातून मिळालं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, तिने पोटभर जेवावं असं मला वाटतं." स्पॅनिशमध्ये इच्छा, शंका, विनंती यांसाठी क्रियापदाचं एक निराळंच रूप येतं. बी-वन पातळीवर, म्हणजे ए-टूच्या पुढच्या पायरीवर, त्याने भलेभले गारद होतात. पण ‘जेवावं’ हे तेच तर आहे! ‘जेवते’ नाही, ‘जेवावं’. मी म्हटलं, "किएरे के कोमास बिएन," आणि ‘कोमास’ तोंडातून गेल्यावर मीच चकित. तेव्हापासून नियम एकच: मराठीत ‘वावं’ ऐकू आलं की रूप बदल. प्रत्येक ठिकाणी चालत नाही, पण दहात सात वेळा चालतं. आणि ‘सेर’ नि ‘एस्तार’ या त्यांच्या दोन ‘असणं’च्या बाबतीत मराठी अजिबात मदत करत नाही, तिथे घोकंपट्टीच.

आग्रहावरूनच आठवलं. चौथी पोळी वाढायला काकू पुढे झाल्या तेव्हा बाई दोन्ही हात ताटावर आडवे धरून म्हणाल्या, "बास्ता, बास्ता!" काकू माझ्याकडे वळल्या. "अगं, ही तर मराठीच बोलते."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वालेन्सियाच्या बाई गेल्या आणि त्यांच्या खोलीत रोसारियोच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. अर्जेंटिना. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं माझं सगळं शिकलेलं वाहून गेलं. ‘माझं नाव अमुक’ म्हणताना ‘यो मे यामो’ ऐवजी ‘शो मे शामो’. रस्ता ‘काये’ नाही, ‘काशे’. ‘तू’ला ‘तू’ नाहीच, ‘बोस’, आणि त्याची क्रियापदंही वेगळी. वर मी पहिल्याच दिवशी म्हटलं, चला रिक्षा पकडू, आणि ‘पकडणं’साठी वालेन्सियाच्या बाईंकडून शिकलेलं ‘कोहेर’ वापरलं. शिक्षिकाबाई हसून हसून जिन्यात बसल्या. अर्जेंटिनात त्या शब्दाचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. तिकडच्या कुणाशीही बोलताना ‘तोमार’ वापरा, सुरक्षित आहे.

त्यांच्यासोबत दीप बंगला चौकाजवळच्या भाजीवाल्या मावशींकडे जायचं माझ्याकडे आलं. त्यांनी मावशींना स्वतःच सांगितलं, "बटाटा." मावशींनी अर्थातच बटाटे दिले. बाई मान हलवतायत, मावशी आणखी एक किलो घालतायत. शेवटी कळलं की त्यांच्याकडे ‘बाताता’ म्हणजे रताळं, आणि बटाट्याला म्हणतात ‘पापा’. स्पेनवाले त्याच बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात. आपण आपला शब्द पोर्तुगिजांकडून घेतला, त्यामुळे तो या सगळ्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतोय. मग आम्हाला नादच लागला. अननस त्यांच्याकडेही ‘अनाना’, पण स्पेनमध्ये ‘पिन्या’. पगार हा शब्द ऐकून त्या उडाल्याच, कारण ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. दाराच्या बिजागरीला त्या ‘बिसाग्रा’ म्हणतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, म्हणून हे शब्द आपल्या घरात चारशे वर्षं राहून ओळखीचे निघाले. भाजीवाल्या मावशी आता मला बघितलं की विचारतात, "पापा देऊ का?"

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं, 12 नोव्हेंबरला. पहाटे पाचला काकूंनी शिक्षिकाबाईंना उठवून तेल-उटणं लावलं आणि मला फोन केला: "ये, तिला सांगायला कुणी नाहीये." मी पोहोचले तर बाई टॉवेल गुंडाळून उभ्या आणि पायाखाली कारीट. नरकासुराची गोष्ट मला स्पॅनिशमध्ये सांगायची होती, तयारीशिवाय, अंधारात, चहाच्या आधी. एक राक्षस होता, तो लोकांना छळायचा, त्याने सोळा हजार बायकांना कोंडून ठेवलं होतं, मग कृष्ण आला, त्याने मारलं. ‘छळायचा’ आणि ‘मारलं’, दोन्ही रूपं आपापल्या जागी बसली. बाईंनी टाच देऊन कारीट फोडलं, काकूंनी खुणेने सांगितल्यावर जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आमार्गो!" कडू. हा शब्द मी त्याआधी तीनदा पाठ करून तीनदा विसरले होते.

एक छोटी वही याच काळात सुरू केली. नवे शब्द लिहायची नव्हे, अडलेल्या जागा लिहायची. बोलताना जिथे थांबले तिथलं मराठी वाक्य घरी येऊन लिहायचं, दिवसाला पाचच. दुसऱ्या दिवशी बाईंना तेवढी पाच विचारायची. त्यांना कंटाळा यायच्या आत संपतं. दुसरं असं की अडल्यावर गप्प बसायच्या ऐवजी ‘ओ सेआ’ म्हणायचं. आपल्या ‘म्हणजे कसं’सारखं आहे ते. दोन सेकंद मिळतात आणि समोरच्याला कळतं की ही अजून बोलतेय.

फेब्रुवारी 2024 मध्ये बुधवारच्या फोनवर शेजारचा सहकारी पाणी प्यायला उठला आणि तेवढ्यात एजंटने वजनाचं विचारलं. मी म्हटलं, ब्रुतो, निव्वळ खालच्या ओळीत आहे. तो म्हणाला, या वेळी ‘सी’ नाही का? आठ महिने लक्षात ठेवलं होतं बाबाने.

त्याच महिन्यात ‘देले’ या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या बी-वन पातळीची नोंदणी केली. कंपनीला कागद हवा होता, नाहीतर केली नसती. मी मे महिन्यातली बैठक निवडली आणि केंद्र दिल्लीतलं इन्स्तितुतो सेर्वान्तेस, म्हणजे स्पेन सरकारची भाषासंस्था, कॅनॉट प्लेसजवळ हनुमान रोडवर. फी बदलत असते, ती त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. नाव मात्र ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं भरा. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, ते मी आधी गाळलं होतं आणि ईमेल करून दुरुस्त करून घ्यावं लागलं. गोवा एक्स्प्रेसने जाणं-येणं, दोन रात्रींचं राहणं, खाणं मिळून साडेनऊ हजार गेले.

वाचन सत्तर मिनिटं, ऐकणं चाळीस, लिहिणं तास. यावर फार लिहीत नाही, पुस्तकं आहेत. तोंडी परीक्षेचं सांगते, कारण धास्ती त्याचीच असते. आधी पंधरा मिनिटं तयारीला मिळतात. दोन विषयांतून एक निवडायचा, टिपणं काढायची. ती आत नेता येतात, पण वाचून दाखवायची नाहीत. आत दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा बाजूला बसून नुसता गुण देतो. त्या दुसऱ्याकडे बघू नका, तो हसत नाही. पहिल्यांदा आपण विषयावर दोन-तीन मिनिटं बोलायचं, मग त्यावर गप्पा, मग एका फोटोचं वर्णन, आणि शेवटी त्या फोटोशी जुळणारा प्रसंग अभिनयासह. माझ्याकडे तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम आलं. मॉडेल कॉलनीत गीझरवाल्याशी, केबलवाल्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी मी वालेन्सिया आणि रोसारियोच्या वतीने इतकं भांडले होते की तिथे मला तयारी लागली नाही. पंधरा मिनिटं कधी संपली कळलं नाही. बाहेर मे महिन्यातली दिल्ली होती. हनुमान मंदिराजवळ दोन ग्लास शिकंजी प्यायले.

निकाल ऑगस्टमध्ये आला. गुणांचे दोन गट असतात. वाचन-लेखन एक, ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येकी 50 पैकी किमान 30 लागतात आणि दोन्हीत लागतात. एका गटात कमी पडले तर दुसऱ्यातले जास्तीचे चालत नाहीत. पहिल्यात 41 मिळाले, दुसऱ्यात 34. ऐकण्यानेच खाल्लं असणार. दोन माणसं एकाच वेळी बोलू लागली की माझं अजून गोंधळतं, आणि काकूंच्या घरी एकाच वेळी फक्त काकू बोलतात. सर्टिफिकेटला मुदत नसते, एवढं बरं आहे.

टेकडी चालू आहे. काका जुलैमध्ये माद्रिदला जाऊन आले. नात त्यांना म्हणाली, आबा, तुम्ही चढ चढत असल्यासारखे बोलता. अ‍ॅप काढून टाकलं, पुएब्लाच्या नर्सचे आवाजी निरोप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, बहुतेक पहाटे.

काल रात्री काकूंचा फोन आला. जानेवारीत एक जण येतोय, चिलेचा, तरुण आहे, सहा आठवडे राहणार. फॉर्म भरायला ये. मी म्हटलं, येते. मग चिलेतल्या लोकांच्या मुलाखती लावून बघितल्या. शब्दांच्या शेवटचे ‘स’ गिळतात आणि धावत सुटतात. अर्ध्या तासात मला ‘बुएनो’ तेवढं कळलं. वहीचं नवं पान काढून ठेवलंय.